जन्मजात सिफिलिस: तपासणी आणि इंजेक्शन यांच्यामधल्या जागा कोण भरणार?

जुई_सिस्टर (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका सार्वजनिक प्रसूतिगृहात मी परिचारिका आहे. एएनसी ओपीडी (गरोदर बायांची तपासणी), लेबर रूम, बाळंतिणींचा वॉर्ड, सगळीकडे ड्युटी केली आहे. थायरॉइड, पीसीओडी, गरोदरपणातली साखर यांवर इथे भरपूर धागे आहेत. सिफिलिसवर एकही दिसला नाही. चारचौघांत या आजाराचं नाव काढायची सोय नाही, हे मलाही कळतं. पण आईकडून ज्या बाळाला तो होतो, त्याचा आपल्या संकोचाशी काय संबंध? म्हणून हा धागा.

आधी आजाराबद्दल. ट्रेपोनेमा पॅलिडम हा जंतू शरीरसंबंधातून लागतो. पहिला व्रण दुखत नाही आणि आपोआप भरतो. बाईच्या बाबतीत तो बहुतेकदा आत असतो, त्यामुळे दिसतही नाही. मग कधी अंगावर पुरळ येतं आणि जातं. पुढे वर्षानुवर्षं काहीच त्रास नसतो. पण जंतू शरीरात असतो, आणि दिवस राहिले की वारेतून बाळापर्यंत पोचतो. उपचार न झालेल्या आईचं बाळ पोटातच दगावू शकतं, वेळेआधी किंवा कमी वजनाचं होऊ शकतं. किंवा दिसायला धडधाकट जन्मून काही आठवड्यांनी आजारी पडतं. हा शेवटचा प्रकार सगळ्यांत फसवा.

औषध जुनंच आहे. १९४३ पासून सिफिलिसवर पेनिसिलिन वापरतात आणि इतक्या वर्षांत हा जंतू त्याला निर्ढावलेला नाही. आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि सिफिलिस आटोक्यात आणल्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये क्युबाला, २०१६ मध्ये थायलंडला आणि २०१९ मध्ये श्रीलंकेला प्रमाणपत्र दिलं. श्रीलंकेला जमलं ते आपल्याला न जमण्यासारखं नाही.

मग असं बाळ अजून आमच्या हातात का येतं? मला दिसतं ते असं की तपासणी होते, औषधही असतं, गळती होते ती मधल्या जागांत. रक्त घेतलं आणि रिपोर्ट कळला यांच्यामध्ये. पहिलं इंजेक्शन आणि तिसरं यांच्यामध्ये. सासर आणि माहेर यांच्यामध्ये. बायको आणि नवरा यांच्यामध्ये. या प्रत्येक जागी डॉक्टर असतीलच असं नाही, सिस्टर मात्र असते.

पहिली जागा. वाघोली, हिंजवडीकडच्या बांधकामांवरच्या बाया पाचव्या-सहाव्या महिन्यात नाव घालायला येतात. तिला "रिपोर्ट गुरुवारी घ्या" म्हटलं की गुरुवारी ती येईलच याची खात्री नाही. एका खाड्यात मजुरी बुडते, आणि कधी साइटच बदलते. म्हणून बोटाच्या थेंबावरची रॅपिड टेस्ट त्याच दिवशी, त्याच टेबलावर करावी. एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही एकाच पट्टीवर कळतात, वीसेक मिनिटं लागतात. पॉझिटिव्ह आली तर आरपीआर किंवा व्हीडीआरएल या लॅबमधल्या सिफिलिस तपासणीसाठी रक्त घ्यायचं आणि डॉक्टरांना दाखवून पहिलं इंजेक्शनही त्याच दिवशी द्यायचं. पक्क्या रिपोर्टची वाट पाहत बाईला घरी पाठवू नये.

दुसरी जागा. गरोदरपणात बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट द्यायचं. आजार नुकता लागल्याचं नक्की असेल तर एकदा. कधी लागला ते ठाऊक नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. बहुतेक बायांचं ठाऊक नसतंच. गरोदर बाईचा डोस चुकून चालत नाही. दोन डोसांमध्ये नऊ दिवसांहून जास्त गेले तर तीनही पुन्हा पहिल्यापासून द्या, असं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचं सांगणं आहे. म्हणून पहिलं इंजेक्शन देतानाच पुढच्या दोन तारखा तिच्याशी बोलून ठरवायच्या. कामाला सुट्टी कधी, आणायला कोण, भागातली आशाताई कोण, हे सगळं तेव्हाच विचारून घ्यायचं.

तिसरी जागा, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पुण्यात नाव घातलेली मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात लातूरला किंवा साताऱ्याला जाते आणि तिथे बाळंत होते. तिथल्या बालरोगतज्ज्ञांना ठरवायचं असतं की बाळाला दहा दिवस शिरेतून औषध द्यायचं की नाही. ते कशावर ठरतं? आईला पेनिसिलिनच दिलं होतं का, पूर्ण दिलं का, आणि बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी सुरू झालं होतं का, यावर. माता-बाल संरक्षण कार्डावर नुसतं "व्हीडीआरएल पॉझिटिव्ह, ट्रीटमेंट दिली" लिहिलं असेल तर त्याचा तिथे काडीचा उपयोग नाही. औषधाचं नाव, युनिट, प्रत्येक डोसची तारीख आणि टायटर (रक्त किती पट विरळ केलं तरी टेस्ट पॉझिटिव्ह येते तो आकडा) एवढं सिस्टरने लिहायलाच हवं. त्या दोन ओळी नसतील तर एका बाळाला विनाकारण दहा दिवस सुया टोचल्या जातात, नाहीतर दुसरं उपचारावाचून घरी जातं.

चौथ्या जागेबद्दल, म्हणजे नवऱ्याबद्दल, कुणी विचारलं तर सविस्तर लिहीन.

रानजाई

ताई, मला बावीसावा आठवडा आहे. फाईल काढून बघितली, व्हीडीआरएल नॉन-रिअॅक्टिव्ह आहे. ही टेस्ट झाली होती हे आज कळलं! आता परत करायची गरज नाही ना?

जुई_सिस्टर

@रानजाई, छान. बहुतेकींना एकदा पुरते. पण नंतरही संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे जोखीम वाटत असेल तर २८ व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळंतपणाच्या वेळी पुन्हा करतात. जोखीम आहे की नाही हे बाईला स्वतःला माहीत असेलच असं नाही. "पुन्हा करायची का?" एवढंच डॉक्टरांना विचारा, कारण सांगावं लागत नाही.

लेबर रूममध्ये काम करणाऱ्यांसाठीही सांगते. आईचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय आई आणि बाळ कुणालाच घरी सोडू नये. आणि पाचव्या महिन्यानंतर मृत बाळ जन्मलं तर आईची सिफिलिस तपासणी व्हायलाच हवी. अशा बाईला लवकर घरी पाठवायची सगळ्यांना घाई असते आणि घरी गेल्यावर "हिचंच काहीतरी" म्हणून तिलाच बोल लागतो. तपासणी राहून गेली तर पुढच्या खेपेला तेच होऊ शकतं. वार नेहमीपेक्षा मोठी, जाड, फिकट दिसली तर तीही टाकून न देता डॉक्टरांना दाखवा.

लॅबवाला_नाना

उत्तम धागा. लॅबच्या बाजूने थोडी भर घालतो.

व्हीडीआरएल आणि आरपीआर या तपासण्या थेट जंतू शोधत नाहीत. त्यामुळे ल्युपससारखे आजार असतील तर, किंवा कधी नुसत्या गरोदरपणातही, खोट्या पॉझिटिव्ह येतात. म्हणून टीपीएचएसारखी, नेमक्या या जंतूविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणारी, दुसरी तपासणी जोडीला लागते. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आलं म्हणजे सिफिलिस आहेच, असं वॉर्डात बोलून मोकळं होऊ नये.

उलटही होतं. रक्तात अँटीबॉडी प्रचंड असतील तर विरळ न केलेल्या नमुन्यात टेस्ट निगेटिव्ह दिसते. याला प्रोझोन म्हणतात. बाळाला लक्षणं आहेत आणि आईचं व्हीडीआरएल निगेटिव्ह आहे, असं दिसलं तर सिस्टरने लॅबला फोन करून "नमुना डायल्यूट करून बघा" म्हणावं. आम्हाला राग येत नाही, उलट मदतच होते.

आणि हो, बाळाची तपासणी नाळेच्या रक्तावर करू नका. त्यात आईचं रक्त मिसळू शकतं. बाळाच्या शिरेतलं रक्त घ्या आणि आईचा नमुना त्याच वेळी, त्याच तपासणीसाठी पाठवा. बाळाचं टायटर आईच्या चौपट किंवा जास्त असेल, म्हणजे आई १:८ आणि बाळ १:३२, तर बाळाला आजार असण्याची शक्यता खूप. पण टायटर चौपट नाही म्हणून बाळ सुटलं, असंही नाही.

पेठकर

मी पुरुष म्हणून विचारतो, गैरसमज नसावा. बायको गरोदर आहे आणि अचानक दवाखान्यातून कळतं की तिला हा आजार आहे. घरात काय होईल याची कल्पना करवत नाही. तुम्ही नवऱ्याला सांगता तरी कसं?

जुई_सिस्टर

@पेठकर, तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं. इंजेक्शन देण्यापेक्षा हे काम कठीण आहे.

आधी बाईला एकटीला सांगायचं. सोबत सासूबाई असतात, त्या टेबलापासून हलत नाहीत. त्यांना वजन-बीपी घ्यायचंय म्हणून बाहेर बसायला सांगते आणि दार लोटून घेते. आजाराचं नाव कॉरिडॉरमध्ये, वॉर्डात, पेशंटच्या बेडपाशी मोठ्याने घ्यायचं नाही, हा माझ्यासाठी न मोडण्याचा नियम आहे.

तिला पहिलं वाक्य सांगते की बाळासाठी औषध आहे आणि आपण वेळेत आहोत. दुसरं सांगते ते फार महत्त्वाचं आहे, आणि शंभर टक्के खरं आहे. हा जंतू नेमका कधी शरीरात शिरला आणि कुणाकडून आला, हे कुठलंही रक्त सांगत नाही. लग्नाच्या आधीचा असू शकतो. दोघांपैकी कुणाचाही असू शकतो. ज्याची तपासणी आधी झाली त्याला आधी कळलं, इतकंच. गरोदर बाईची तपासणी होते, नवऱ्याची कुणी केलेली नसते, म्हणून नाव तिचं पुढे येतं. हे ऐकल्यावर बाईच्या खांद्यावरचं ओझं उतरताना दिसतं.

मग तिलाच विचारते, नवऱ्याला तुम्ही सांगाल, मी सांगू, की दोघं मिळून सांगूया? मारहाणीची भीती असेल तर तिच्या परवानगीशिवाय नवऱ्याला फोन करत नाही. अशा वेळी आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्राच्या, समुपदेशकांना मध्ये घेते. त्यांना या बोलण्याचा सराव असतो.

नवरा आला की त्याला वेगळं बसवते. "दादा, बाळाला काही होऊ नये म्हणून तुमचंही रक्त तपासायचंय, आणि इंजेक्शनही घ्यावं लागेल." सुरुवात बाळापासून केली की बहुतेक पुरुष ऐकतात, हा माझा अनुभव आहे. दोष काढायला बसलं की ते उठून जातात, आणि बाईला त्याच घरात परत जायचं असतं. नवऱ्याचा उपचार राहिला तर तिला पुन्हा संसर्ग होतो आणि तिची तीन इंजेक्शनं वाया जातात. दोघांचे उपचार पुरे होईपर्यंत संबंध टाळायचे, हेही स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं. रोजंदारीवाल्या नवऱ्याला सकाळची ओपीडी जमत नाही. त्याच्यासाठी वेळेची सोय काढणं हाही उपचाराचाच भाग आहे.

पेठकर

धन्यवाद ताई. "ज्याची तपासणी आधी झाली त्याला आधी कळलं" हे लक्षात राहील.

सावली_बुधवार

बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीत काही वर्षं आरोग्याचं काम केलंय, त्यावरून लिहिते. इथल्या बायकांची सिफिलिसची तपासणी प्रकल्पांमधून वर्षातून दोनदा होते, त्यांना सुरक्षा क्लिनिक (लैंगिक आजारांचा सरकारी दवाखाना) कुठे आहे ते माहीत असतं, आपल्या कार्डावर काय लिहिलंय तेही माहीत असतं. पण यातली एखादी गरोदर राहिली आणि मोठ्या दवाखान्यात गेली की केसपेपर काढताना पत्ता विचारतात, आणि पत्ता सांगितला की समोरच्याचा चेहरा बदलतो. एकदा तो चेहरा बघितला की ती थेट कळा सुरू झाल्यावरच दवाखान्यात येते. सिस्टरांना हात जोडून विनंती आहे, पत्ता ऐकून चेहरा बदलू देऊ नका. आणि दुसरी गोष्ट, सोसायटीत राहणाऱ्या बाईला हा आजार होतच नाही असं धरून चालू नका. तपासणी सगळ्यांची सारखीच व्हायला हवी.

जुई_सिस्टर

@सावली_बुधवार, शब्दन् शब्द पटला. खासगीतसुद्धा कुणाला वगळू नये.

जीएनएम_तिसरं_वर्ष

सिस्टर, मी नर्सिंगची विद्यार्थिनी. पोस्टिंगला बेंझाथिन देताना बघितलं, सुईत अडकलं आणि पेशंट कळवळली. नीट कसं द्यायचं? आणि सगळे त्या इंजेक्शनला इतके घाबरतात का?

जुई_सिस्टर

हे औषध पावडरीत येतं. स्टेराइल वॉटर घालून व्हायल तळहातांत फिरवत पूर्ण मिसळायचं, मग दुधासारखं पांढरं द्रावण होतं. ते ठेवलं की खाली बसतं, म्हणून भरल्यावर लगेच द्यायचं. बारीक सुईत हमखास अडकतं, जाड सुई घे. ओढायला एक, टोचायला दुसरी. १२ लाख एका कुल्ल्यात, १२ लाख दुसऱ्यात, वरच्या बाहेरच्या भागात, खोल स्नायूत. टोचल्यावर पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघायचं, आणि मग न थांबता सावकाश सोडायचं. पेशंटला कुशीवर झोपवून वरचा पाय दुमडायला सांगितला की स्नायू सैल पडतो आणि दुखणं कमी होतं.

एक गोष्ट कायमची लक्षात ठेव. बेंझाथिन आणि प्रोकेन पेनिसिलिन कधीही शिरेतून द्यायचं नाही. जीव जातो. शिरेतून जातं ते फक्त क्रिस्टलाइन. ट्रेमध्ये तिन्ही शेजारी ठेवू नये.

घाबरण्याचं कारण अॅलर्जी. आधी पेनिसिलिनने काही झालं होतं का ते नीट विचार, तुमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे स्किन टेस्ट कर. ती निगेटिव्ह आली तरी अॅड्रिनॅलिन भरायच्या तयारीत आणि ऑक्सिजन जवळ हवाच. गंभीर रिअॅक्शन आली तर १:१००० अॅड्रिनॅलिन अर्धा मिली मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, आधी ते आणि मग बाकी सगळं. इंजेक्शननंतर अर्धा तास पेशंट समोर बसलेली हवी.

खरी अॅलर्जी असेल तर? एरिथ्रोमायसिन किंवा अॅझिथ्रोमायसिन बाळापर्यंत पुरेसं पोचत नाही, आणि डॉक्सीसायक्लिन गरोदरपणात देत नाहीत. म्हणून अशा बाईला मोठ्या रुग्णालयात भरती करून हळूहळू पेनिसिलिनची सवय करतात. पुण्यात ससूनसारखी रुग्णालयं जवळ आहेत, तिथे पाठवायला संकोच करू नये.

आणखी एक. पहिल्या डोसनंतर २४ तासांत ताप, अंगदुखी येऊ शकते. जंतू मरताना ते होतं, अॅलर्जी नव्हे. पण त्यात कळा येऊ शकतात, बाळाची हालचाल मंदावू शकते. हे बाईला आधीच सांगून ठेव, आणि तसं झालं तर रात्र असली तरी ये म्हणावं.

नवजात_कक्ष

मी नवजात शिशूंच्या आयसीयूत सिस्टर आहे. बाळाच्या बाजूने लिहिते.

जन्मतः अर्ध्याहून जास्त बाळांना काहीच दिसत नाही. दिसलंच तर नाक सतत वाहतं, कधी रक्ताळलेलं. तळहात-तळपायांवर पुरळ किंवा फोड, सालपटं निघणं. पोट फुगलेलं, कारण यकृत आणि प्लीहा वाढलेले. कावीळ, फिकेपणा. एक खूण सगळ्यांना माहीत नसते. बाळ एक हात किंवा पाय हलवत नाही आणि लंगोट बदलताना किंचाळतं. बाळंतपणात हात ओढला गेला असं वाटतं, पण खरं तर हाडांच्या टोकांना सूज असते. असं बाळ उचलताना सांध्यांना आधार द्या. विनाकारण हाताळू नका.

नाकातल्या स्रावात आणि फोडांत जिवंत जंतू असतात. उपचार सुरू झाल्यावर २४ तास होईपर्यंत हातमोजे घालूनच हाताळायचं, आईलाही ते शिकवायचं.

औषध क्रिस्टलाइन पेनिसिलिन, ५०,००० युनिट प्रतिकिलो शिरेतून. पहिले सात दिवस दर बारा तासांनी, त्यानंतर दर आठ तासांनी, एकूण दहा दिवस. इथे चूक होते ती अशी की सात दिवस बाळाच्या वयाचे मोजायचे असतात, उपचाराचे नाही. वयाच्या पाचव्या दिवशी उपचार सुरू झाला तर उपचाराच्या चौथ्याच दिवशी वेळापत्रक बदलतं. अडीच किलोच्या बाळाला एका वेळी १,२५,००० युनिट. १० लाखांची व्हायल एकूण १० मिली केली तर १.२५ मिली. हिशोब दोघींनी वेगवेगळा करून ताडून बघायचा. एका दिवसापेक्षा जास्त खंड पडला तर दहा दिवस पुन्हा पहिल्यापासून, म्हणून सलाईनची शीर गेली तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही.

आजी_कोथरूड

सूनबाईच्या मैत्रिणीच्या बाबतीत असं झालं म्हणून वाचते आहे. अंगावर पाजायचं का? आणि भांडी, टॉवेल वेगळे ठेवायचे का?

नवजात_कक्ष

आजी, पाजायचं. दुधातून हा आजार जात नाही. स्तनावर व्रण असेल तरच त्या बाजूचं टाळायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. भांडी, एकत्र जेवण, एकच संडास यांतून पसरत नाही. त्या बाईला घरात वेगळं टाकू नका. तिला बाळंतिणीचं खाणं-पिणं आणि विश्रांती नेहमीसारखीच मिळू द्या.

दौंड_आशाताई

आमच्याकडे हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीड-नगरकडच्या. पहिलं इंजेक्शन आमच्या उपकेंद्रात होतं आणि आठवड्यात टोळी दुसऱ्या कारखान्याकडे जाते. कार्ड कोपीतच राहतं किंवा भिजतं. मी आता मुकादमाचा नंबर घेते आणि कार्डाचा फोटो बाईच्या किंवा नवऱ्याच्या मोबाईलवर पाठवते. पुढच्या गावच्या आशाला फोन करून "ही बाई येतेय, अमुक तारखेला इंजेक्शन आहे" सांगते, आजाराचं नाव न घेता. प्रश्न असा आहे की बाळ झाल्यावर यांना पुन्हा पुन्हा तपासणीला कसं आणायचं? टोळी परत गावी जाते.

जुई_सिस्टर

@दौंड_आशाताई, तुम्ही करताय ते प्रत्येक तालुक्यात व्हायला हवं. फोटो त्यांच्या स्वतःच्या मोबाईलवरच ठेवा, ग्रुपवर टाकू नका. मुकादमालाही कारण कळायला नको, नुसतं "गरोदर बाईची तारीख आहे" म्हणा.

बाळासाठी वेगळी फेरी सांगितली की होत नाही. लसीकरणाला मात्र आया येतात, गावी असल्या तरी. म्हणून मी तपासणी लसीच्या तारखांना जोडून देते. साडेतीन महिन्यांच्या लसीला व्हीडीआरएल. तोवर टायटर उतरायला लागलेलं असतं. सहाव्या महिन्याला पुन्हा, तेव्हा ते निगेटिव्ह व्हायला हवं. झालं नाही किंवा वाढलं तर बाळ थेट मोठ्या रुग्णालयात. मग दीड वर्षाच्या बूस्टरला टीपीएचए. आईकडून आलेल्या अँटीबॉडी तोवर गेलेल्या असतात, त्यामुळे तेव्हाही पॉझिटिव्ह आली तर आजार बाळाचा स्वतःचा. मधल्या भेटींत डोळे आणि कान बघायला सांगा, उपचार राहिलेल्या मुलांत पुढे बुब्बुळाची सूज आणि बहिरेपणा येतो.

या तारखा कार्डाच्या लसीकरणाच्या पानावरच लिहा, वेगळ्या चिठ्ठीवर नको, चिठ्ठी हरवते. सहाव्या महिन्याला नेहमीच्या वेळापत्रकात या बाळाची लस नसते, ती तारीख सगळ्यांत आधी चुकते, तेवढी लाल पेनाने लिहा.